पातं क्रमांक १४ आणि तेलाचा तो एक सेकंद

मी सुऱ्यांची पाती बनवते आणि माझ्या वहीत प्रत्येक पात्याला क्रमांक असतो. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, त्यामुळे संध्याकाळी भट्टीपाशी गेले तरी नोंद केल्याशिवाय हात धुवायचे नाहीत, ही खोड. स्टील कुठलं, जाडी किती, भट्टी किती अंशांवर, किती मिनिटं, तेल कुठलं, शेवटी कानस घसरली (म्हणजे पातं कडक) की चावली (म्हणजे मऊ). क्रमांक १४ समोर हिरव्या शाईत लिहिलंय : "झकास! माती न लावता हामोन उमटला."

ती ओळ वाचली की आजही स्वतःचीच लाज वाटते.

१०९५ या जास्त कार्बनच्या साध्या स्टीलचं ३ मिमी जाडीचं पातं होतं. कॅनोला या खायच्या तेलात बुडवून कडक केलेलं. घासून, चकचकीत करून फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवलं, तर धारेला समांतर अशी धुक्यासारखी रेघ उमटली आणि मुठीकडे येता येता ती खाली धारेपर्यंत उतरली. जपानी तलवारींवर धारेचा कडक भाग आणि पाठीचा मऊ भाग यांच्या सीमेवर जी लाट दिसते, ती हामोन. त्यासाठी पाठीला मातीचा थर देतात, म्हणजे तिथे स्टील सावकाश निवतं आणि मऊ राहतं. माझ्या पात्याला मातीचा कणही लागला नव्हता. तीन दिवस मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. मग हे काम माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त केलेल्या एका गृहस्थांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात तिरकं धरलं.

"ताई, माती लावली नव्हती म्हणता. मग पाठ मऊ राहिली कशी?"

"तेच तर! आपोआप झालं."

"आपोआप नाही हो. तेल कमी पडलं."

घरी येऊन नवी कानस घेतली. धारेवर काचेवर फिरावी तशी घसरली. पाठीवर चावली. मुठीजवळच्या जाड भागात तर चक्क किस निघाला. मग वहीची पानं मागे उलटली. १०९५ ची आठ पाती झाली होती आणि त्यातल्या सहांच्या समोर "थोडं मऊ", "भट्टी कमी तापली असेल", "पुढच्या वेळी १० अंश वाढवणे" असली वाक्यं होती. भट्टीवर मी सगळे आरोप केले होते. तेलाचं नाव प्रत्येक नोंदीत होतं, संशयितांच्या यादीत मात्र एकदाही नाही.

आपल्या भाषेत या कामाला म्हणतात पात्याला पाणी देणं. "पाणीदार" हा शब्दही तिथलाच असावा, असं मला उगाच वाटतं. तापलेल्या लोखंडाला पाणी दिलं की ते कडक होतं, एवढं त्या दोन शब्दांत आहे. पण पाणी देताना तेल का द्यायचं आणि कुठलं, हे समजायला मला तो १४ नंबर लागला.

मला कळलेली गोष्ट अशी. १०९५ ला साधारण ८०० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. सावकाश थंड होऊ दिलं, तर कार्बनचे अणू सरकत सरकत वेगळे होतात आणि थरांथरांचं पर्लाइट तयार होतं, ते मऊ. अणूंना सरकायला वेळच दिला नाही, तर ते जागच्या जागी अडकतात आणि होतं मार्टेन्साइट. कानस घसरते ती याच्यावरून. १९३० मध्ये डेव्हनपोर्ट आणि बेन या दोन अमेरिकी धातुशास्त्रज्ञांनी किती अंशांवर किती वेळात काय तयार होतं याचे आलेख काढले. त्या आलेखातली रेघ मध्येच नाकासारखी पुढे येते. साध्या कार्बन स्टीलचं नाक असतं ५४० अंशांच्या आसपास. पर्लाइट सगळ्यात घाईने तयार होतं ते तिथे. पर्लाइट बनायला लागायच्या आत पात्याला या नाकासमोरून निवत पार व्हायचं असतं.

१०९५ साठी ही मुदत एका सेकंदाहूनही कमी आहे.

कमी, कारण त्यात मँगनीज फार थोडं, ०.३ ते ०.५ टक्के. मँगनीज आणि क्रोमियम कार्बनच्या त्या सरकण्याला खीळ घालतात. १०८४ मध्ये मँगनीज ०.६ ते ०.९ टक्क्यांपर्यंत असतं, म्हणून ते थोडी सवड देतं. ५१६० आणि ५२१०० मध्ये क्रोमियम आहे, ते आणखी दम धरतात. ओ१ मध्ये मँगनीज १ टक्क्याच्या वर, शिवाय थोडं क्रोमियम आणि टंगस्टन. त्याला कित्येक सेकंद मिळतात. नावात एकाच घराण्यातली वाटणारी ही स्टीलं घड्याळाच्या बाबतीत एकमेकांची कुणीच लागत नाहीत. मी मात्र सगळ्यांना एकाच डब्यात बुडवत होते.

मग सरळ पाणीच का नको? तेही केलंय, क्रमांक ९. मिठाच्या पाण्यात. आत गेल्यावर दोन सेकंदांनी "टिंग" असा काच तडकल्यासारखा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी रेघ. पाणी वर ५४० अंशांपाशी हवं तितकं वेगवान असतंच, पण खाली २०० अंशांपाशीही ते तितक्याच जोरात थंड करत राहतं. १०९५ मध्ये मार्टेन्साइट बनायला सुरुवात होते ती साधारण त्याच सुमारास, आणि मार्टेन्साइटला ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा लागते. बाहेरचा थर आधी फुगून कडक झालेला, आतला अजून फुगायचा. तो फुगला की ताण बाहेर पडायला वाट शोधतो. आपल्याला हवा असतो वर धावणारा आणि खाली रमणारा द्रव. चांगलं तेल नेमकं तसं वागतं.

तेलात पातं गेल्यावर तीन गोष्टी एकामागून एक होतात. पहिल्यांदा पात्याभोवती वाफेचं वेष्टण तयार होतं. ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे ज्या क्षणी घाई हवी त्याच क्षणी पात्याच्या अंगावर गोधडी. मग वेष्टण फाटतं, तेल थेट धातूला लागून उकळू लागतं आणि खरी उष्णता या टप्प्यात ओढली जाते. शेवटी तेलाच्या उकळबिंदूखाली आलं की उकळणं थांबतं आणि नुसत्या प्रवाहाने पातं संथपणे निवतं. खास क्वेंचिंगसाठी, म्हणजे तापलेलं पातं बुडवून झटकन निववण्यासाठी, बनवलेल्या वेगवान तेलात अशी रसायनं घातलेली असतात की गोधडी लगेच फाटावी. शिवाय ते पातळ असतं. कॅनोलाला वाफेचं वेष्टण जवळपास नसतंच, हा त्याचा मोठा गुण, पण ते दाट आहे आणि नाकापाशी १०९५ ला लागतो तेवढा वेग त्याच्यात नाही.

तेलाच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात सेकंदांचा आकडा असतो, त्याने मी बराच काळ गोंधळले होते. "७ ते ९ सेकंदांचं तेल" म्हणजे माझं पातं ७ सेकंदांत थंड होणार, अशी माझी समजूत. तसं नाही. २२ मिमी व्यासाचा निकेलचा गोळा ८८५ अंशांना तापवून तपासायच्या तेलाच्या ठरावीक मापात टाकतात. निकेल ३५४ अंशांच्या वर लोहचुंबकाला दाद देत नाही, त्याखाली आलं की चिकटतं. गोळा चुंबकाकडे ओढला जाईपर्यंत गेलेले सेकंद म्हणजे तो आकडा. मला ही कल्पना फार आवडते, किती साधी! पण तिच्यात एक खोट आहे. गोळा वर घाई करून खाली रेंगाळला की वर रेंगाळून खाली धावला, हे आकड्यात दिसत नाही. त्यासाठी पोटात तापमापक बसवलेल्या इन्कोनेलच्या (निकेलच्या एका मिश्रधातूच्या) कांडीचा निवण्याचा आलेख बघावा लागतो. विकणाऱ्याकडे तो असेल तर मागून घ्यावा. मी मागते.

तरी आकडा निरुपयोगी नाही. ७ ते ९ ची तेलं वेगवान, पार्क्स ५० हे त्यातलं पाती करणाऱ्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त असलेलं नाव. १०९५ किंवा डब्ल्यू२ स्टील असेल, किंवा हामोन काढायची कुठलीही हौस असेल, तर हाच गट. ११ च्या आसपासची मध्यम तेलं ५१६०, ५२१००, ८०सीआरव्ही२, ओ१ यांच्यासाठी. २८ सेकंदांचीही तेलं मिळतात. ती जाड, मिश्रधातूंनी भरलेल्या तुकड्यांसाठी, पात्यांच्या कामात मला त्यांची गरज पडलेली नाही.

शेवटी वेगवान तेल आणलं. एकाच १०९५ च्या पट्टीचे तीन तुकडे कापले, तिन्ही ८०० अंशांवर ठेवले. एक कॅनोलात, एक नव्या तेलात, एक मिठाच्या पाण्यात. मिठाच्या पाण्यातल्याला चीर पडली, ती पडणारच होती. दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून तिन्हींची रॉकवेल कडकपणाची तपासणी करून घेतली. नवं तेल आणि मिठाचं पाणी दोन्ही ६५-६६ च्या घरात, एकमेकांना खेटून. कॅनोलातल्या तुकड्याचा कडेला एक आकडा, मध्यभागी दुसरा आणि दोन्ही खाली. मी तपासणीच्या चिठ्ठ्या वहीत चिकटवल्या. दोन वर्षं भट्टीचं तापमान वरखाली केलं, नॉर्मलायझिंगचे (तापवून हवेत निवू देण्याचे) फेरे वाढवले, पातं भट्टीच्या उष्णतेत जास्त वेळ ठेवलं, आणि उत्तर डब्यात होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर माझ्यासारखे तुम्हीही फसाल. कानस चावली म्हणजे दरवेळी तेलाचा दोष नसतो. भट्टीत हवा असेल तर पात्याच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो. ती पातळ साल मऊच राहणार, आत पातं उत्तम कडक असलं तरी. थोडं घासून पुन्हा कानस लावायची. आत घसरली तर तेल निर्दोष.

वेगवान तेल मिळाल्यावर माझं जे व्हायचं तेच झालं : आता सगळंच यात. क्रमांक ३१, ओ१, २.५ मिमी. आत घातलं, दोन-चार सेकंद गेले आणि तोच ओळखीचा "टिंग". चीर निघाली होती ती धार संपून मूठ सुरू होते त्या कोपऱ्यातून. तो कोपरा मी काटकोनात कापला होता आणि खरखरीत पट्ट्याच्या ओरखड्यांसकट तसाच ठेवला होता, म्हणजे अर्धा गुन्हा माझाच. पण ओ१ ला घाई नसताना मी त्याला पळवलं, हा उरलेला अर्धा. तेच ओ१ आता कोमट कॅनोलात किंवा मध्यम तेलात जातं, कोपरे गोल करून, ओरखडे १२० नंबरच्या घासकागदाने लांबीच्या दिशेत काढून. एकही गेलेलं नाही.

तेलाच्या तापमानाबद्दल. कॅनोला ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट करायचं, हे सगळेच सांगतात. गार तेल दाट असतं, पात्याला धरून बसतं. कोमट झालं की पातळ होऊन भराभर बदलत राहतं. म्हणजे तेल तापवल्याने पातं लवकर थंड होतं. हे वाक्य भाच्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तू दमलीयस, झोप जा." मी एक लोखंडी गज भट्टीत लाल करून तेलात फिरवते आणि तापमापक बघते. वेगवान तेलाला मात्र हे लागत नाही. ते मुळातच पातळ, खोलीच्या तापमानालाच वापरायचं, फार तर ५० पर्यंत. मी सवयीने पहिले दोन महिने तेही कोमट करत होते. उलट त्याची काळजी दुसऱ्या बाजूने घ्यावी लागते. एकापाठोपाठ चार पाती बुडवली की ते आपोआप तापतं, मग थांबायचं.

किती तेल? जुना ठोकताळा आहे, एक किलो स्टीलला सुमारे ८ लिटर. २०० ग्रॅमचं पातं ४ लिटर तेलाला १०-१५ अंशांनी वर नेतं, असा माझा हिशेब येतो आणि तापमापकही जवळपास तेच सांगतो. म्हणून दीड लिटरच्या डब्यात मोठं पातं बुडवणाऱ्यांची मला धास्ती वाटते. माझं भांडं म्हणजे बुडाला पत्रा वेल्ड केलेला पाइप, १२ सेंटिमीटर रुंद, ४५ उंच. टोक खाली करून सरळ आत. आत गेल्यावर पुढे-मागे हलवायचं, सुरी चालवावी तसं. पंख्यासारखं आडवं हलवलं की एक बाजू आधी निवते आणि पातं केळ्यासारखं वाकतं. तरीही वाकलंच, तर पातं साधारण २०० अंशांच्या वर असेपर्यंत ते अजून ऑस्टेनाइट असतं, हातमोज्यांनी सरळ होतं. ८-१० सेकंदांनी बाहेर काढायचं, एका डोळ्याने रेघ बघायची, दाबायचं. फार थोडी सवड असते, पण असते. मला पूर्ण कामात हा क्षण सगळ्यात आवडतो. लोखंड अजून आपलं ऐकतंय आणि बोटांखाली हळूहळू ऐकेनासं होतंय.

आगीचा प्रसंग एकदाच आला. क्रमांक २२, लांब पातं, सांडशीची पकड सुटायला लागली म्हणून मी ते अर्धं बाहेर ओढलं. लाल भाग तेलाच्या पृष्ठभागावर आला आणि भप्पकन ज्वाळा. भाचा झाकण घेऊन उभा होता, तो ओरडला, "मावशी, बाहेर काढू नकोस, आत सोड! सोडून दे!" सोडलं, त्याने लोखंडी झाकण टाकलं, ज्वाळा विझली. पातं बुडाशी पडलं. पोरगं शहाणं आहे. तेव्हापासून नियम असा की पातं गेलं की पूर्ण गेलं, अर्धं कधीच नाही. झाकण बिजागरीचं, हाताशी. कोरड्या पावडरचं अग्निशामक दाराशी. पाणी जवळपाससुद्धा नाही. कॅनोलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते तो, ३०० अंशांच्या वर आहे, पातळ वेगवान खनिज तेलाचा त्याच्या बराच खाली. नवं तेल आणलं तेव्हा हा आकडा मी आधी वाचला, मगच डबा उघडला.

आणि तेलात पाणी. भांडं उघडं राहिलं, दमट हवेत रात्र गेली, की तळाशी थोडं साचतं. ते तापलं की वाफ होऊन तेल उसळून बाहेर येऊ शकतं, आणि तेवढं झालं नाही तरी पात्यावर मऊ डाग नाहीतर चिरा ठरलेल्या. तळातलं थोडं तेल काढून तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब टाकते. तडतडलं तर वापरायचं नाही.

इंजिन ऑइलचं विचारतात लोक. वापरलेलं फुकट मिळतं म्हणून. ते इंजिनात वंगण म्हणून बनलेलं, क्वेंचिंगच्या वेगासाठी नव्हे. वापरलेल्यात काजळी आणि धातूंचे कण असतात, नव्यात जस्ताची वगैरे रसायनं, आणि पातं गेलं की जो धूर निघतो तो आपण छातीत घेतो. मी वापरत नाही, कुणाला वापरूही देत नाही.

कॅनोलाबद्दल इतकं बोलले, पण ते माझ्या खोलीतून गेलेलं नाही. त्याचा एकच त्रास, हवेने ते हळूहळू चिकट होत जातं आणि वास धरतं, मग बदलायचं. खनिज तेल स्वच्छ ठेवलं, पापुद्रे गाळून काढले, की वर्षानुवर्षं चालतं. नव्याने सुरू करणारं कुणी विचारतं, "कुठलं तेल घेऊ?" तर मी उलट विचारते, "स्टील घेतलंय का?" नसेल घेतलं तर सांगते १०८४ किंवा ८०सीआरव्ही२ घ्या, कोमट कॅनोला पुरेल, पहिली वीस पाती निवांत होतील. १०९५ आधीच घेऊन ठेवलं असेल, कारण ते सहज मिळतं आणि नाव सगळीकडे ऐकू येतं, तर त्याच्यासोबत वेगवान तेल घ्यावंच लागेल. एईबी-एलसारखं स्टेनलेस असेल तर तेलच नको. ते ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून थंड करतात आणि हात कोरडे राहतात.

आता माझ्याकडे दोन पाइप आहेत. कॅनोलाच्या पाइपवर पिवळा पट्टा, वेगवान तेलाच्या पाइपवर लाल. रंग भाच्याने दिले, कारण एकदा मी घाईत चुकीचं झाकण उघडलं होतं. वहीत "तेल" या रकान्यापुढे आता नुसती दोन अक्षरं असतात, पि किंवा ला, आणि बाजूला अंश.

क्रमांक १४ मी पुन्हा कडक केलं. आधी तीनदा नॉर्मलायझिंग, मग ८०० अंश, मग लाल पट्टा. पाठीपासून धारेपर्यंत कानस घसरली. द्रावणात बुडवलं तर सगळं पातं एकसारखं करडं, रेघ नाही, धुकं नाही, दाखवण्यासारखं काहीच नाही. हिरव्या शाईच्या त्या ओळीखाली निळ्या शाईत लिहिलं : "हामोन गेला."